पारितोषिक कोणाचे?

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की आमच्या गावोगावच्या शाळांतून मंडप उभे राहतात. पताका लागतात, ध्वनिक्षेपक कुरकुरू लागतो, पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे येतात आणि त्यांच्यामागे बाकांवर पालक दाटीवाटीने बसतात. स्नेहसंमेलन आणि पारितोषिक-वितरण यांचा हा हंगाम. गेल्या काही वर्षांत या समारंभांत एक नवी भर पडली आहे. पूर्वी बक्षीस असे ते परीक्षेतील गुणानुक्रमाचे, धावण्याच्या शर्यतीचे, फार तर सुवाच्य हस्ताक्षराचे. आता समाजसेवेबद्दल आणि निबंध, काव्य, चित्र, नाट्य यांसारख्या नवनिर्मितीबद्दलही विद्यार्थ्यांचा गौरव होऊ लागला आहे. कित्येकदा तर ही दोन्ही बक्षिसे एकाच विद्यार्थ्याच्या पदरी पडतात. पाठांतराच्या पलीकडेही मुलाच्या अंगी काही असते, हे आमच्या शिक्षणसंस्थांनी मान्य केले, ही समाधानाची गोष्ट होय. या प्रथेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि ढाल हाती घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या उतरणारे मूल पाहिले, की एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो आणि तो काही केल्या हटत नाही. हे पारितोषिक नेमके कोणाचे?

प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. ज्याने मिळवले त्याचे, असे कोणीही सांगेल. गणितात पहिला आलेल्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे आहे. त्याचे गुण त्याचे आहेत, त्यांत दुसऱ्याचा वाटा नाही. परंतु सेवा आणि निर्मिती यांची जातच वेगळी. सेवा ही दुसऱ्यासाठीच केलेली असते. ज्याची सेवा झाली तो माणूस त्या कर्माचा अर्धा धनी होय. निर्मितीचेही तसेच. लिहिलेला निबंध वहीत मिटून राहिला तर तो नुसता गृहपाठ. तो दुसऱ्याने वाचला, त्याचे मन हलले, तेव्हा कोठे त्याला साहित्याचा दर्जा येतो. म्हणजे ही दोन्ही कर्मे विद्यार्थ्यापासून निघून समाजाकडे जाणारी आहेत. मग त्यांच्यासाठी दिलेले बक्षीस मात्र विद्यार्थ्याच्या घरातील काचेच्या कपाटात जाऊन थांबावे, हा न्याय कोणता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हांस दूर जावयास नको. मराठी भाषेतच, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, एका विद्यार्थिनीने ते देऊन ठेवले आहे. तिचे नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातील मुलगी. वय जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे. या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. धर्मग्रंथ एकाच वर्णाच्या मालकीचे असतील तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अत्याचार तिने मांडले. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांच्या यातना सांगितल्या. आणि शेवटी आपल्याच बांधवांना तिने शिकण्याचे आवाहन केले. तो निबंध आजही वाचणाऱ्याची झोप उडवील असा आहे.

येथे सेवा कोणती आणि निर्मिती कोणती, हे वेगळे करून दाखवता येईल काय? त्या मुलीने लेखणी उचलली हीच तिची समाजसेवा होती, आणि समाजाच्या दुःखानेच तिला भाषा दिली होती. आज आम्ही ‘समाजसेवा’ आणि ‘सर्जनशील कार्य’ असे दोन रकाने आखतो आणि दोन ढाली करवून घेतो. मुक्ताच्या निबंधापुढे ते दोन्ही रकाने एक होऊन जातात.

मुक्तेची एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंग्रजी-मराठी कोशाच्या कार्यात मोल्सवर्थचे सहकारी असलेले मेजर कँडी हे त्या काळी शिक्षणखात्यातील मोठे अधिकारी. त्यांच्या हस्ते या मुलीला बक्षीस म्हणून खाऊ देण्यात आला, तेव्हा ती म्हणाली की आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. आठवण तोंडोतोंडी आलेली आहे, आणि अशा आठवणींना काळाच्या ओघात थोडा रंग चढतच असतो. परंतु जिने तो निबंध लिहिला तिच्या तोंडी हे मागणे शोभते, म्हणूनच ते टिकले. त्यातील एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘मला’ नव्हे, ‘आम्हाला’. बक्षीस एकटीचे होते. मागणे सर्वांसाठी होते. खाऊ एका घासात संपला असता. ग्रंथालय तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलीला पुरले असते. मुक्ता साळवेच्या लेखणीतून उतरलेला हा एकच निबंध आज आपल्या हाती आहे. मराठीच्या पदरात त्या लेखणीचे दुसरे पान पडले नाही, ही गोष्ट प्रत्येक पारितोषिक-समितीने बैठकीला बसताना आपल्यापुढे ठेवावी.

दुसरे उदाहरण मुंबईचे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुभेदार रामजी आंबेडकरांचा मुलगा भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या समाजात इतके शिकलेला मुलगा विरळा. तेव्हा चार वडीलधाऱ्यांना वाटले की त्याचा जाहीर सत्कार करावा. रामजींनी साफ नकार दिला. मुलाने परीक्षा दिली, यापलीकडे केले काय. अशाने त्याच्या डोक्यात हवा शिरेल, असे त्यांचे म्हणणे. मंडळी निराश होऊन कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार. त्यांनी रामजींची समजूत घातली, सभा झाली, आणि त्या सभेत केळुसकरांनी त्या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले. ते पुस्तक त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. ही सारी हकीकत बाबासाहेबांनी स्वतः आयुष्याच्या अखेरीस बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद करून ठेवली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे लाखो लोकांसह त्यांनी जी दीक्षा घेतली, तिच्या मागे अनेक कारणे, दीर्घ अभ्यास आणि दीर्घ संघर्ष होता. पण त्या प्रवासाच्या अगदी आरंभाला बक्षीस म्हणून मिळालेले एक मराठी पुस्तक होते, हे त्यांनीच सांगितले आहे. सुमारे अर्धशतकभर काम करीत राहिलेले असे दुसरे पारितोषिक आम्हांस ठाऊक नाही.

या प्रसंगात वडील आणि केळुसकर या दोघांचेही बरोबर होते, असे आमचे मत आहे. नुसत्या टाळ्यांनी मुलाचे डोके फिरते, हा पित्याचा धाक खरा होता. आणि योग्य वेळी योग्य हाताने पाठीवर थाप पडली नाही तर मुलाची उमेद खचते, हा गुरूचा अनुभवही खरा होता. दोहोंचा मेळ त्या पुस्तकाने घातला. सत्कार झाला, पण तो मुलाला ‘तू मोठा झालास’ असे सांगणारा नव्हता. ‘अजून पुष्कळ वाचावयाचे आहे’ असे सांगणारा होता. केळुसकर तेवढ्यावर थांबलेही नाहीत. पुढे त्यांनीच शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांनी भीमरावाला महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली; 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. बक्षीस देणाऱ्याची जबाबदारी हार घालून संपत नाही. त्या दिवशी ती सुरू होते.

बडोद्याचा उल्लेख आला म्हणून त्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी 1917 साली हाच विद्वान बडोद्यास परत आला तेव्हा त्याला राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्याला हाकलण्यात आले आणि अखेर ते शहर सोडून त्याला मुंबईची वाट धरावी लागली. दरबाराने गौरव केला, समाजाने दार लावले. ज्या राजाने 1906 साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून गावोगावी वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये उभी करविली, त्याच्या राजधानीत ही गोष्ट घडली. यावरून बोध एवढाच, की पारितोषिक हे देणाऱ्यांवरही काही बंधन घालते. मुलाला व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवावयाच्या, आणि तेच मूल दुसऱ्या दिवशी काही काम घेऊन दारी आले तर त्याला उभे करावयाचे नाही, अशा सत्काराला अर्थ नाही. त्या विद्यार्थ्याने मात्र मिळालेले सारे व्याजासह फेडले. 1945 साली त्याने पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. एका शिष्यवृत्तीतून हजारोंना बसावयास बाके मिळाली.

आता आजच्या काळाकडे वळू. विद्यार्थ्यांच्या सेवेला शासकीय पातळीवर मान्यता मिळाली त्याला अर्धशतक उलटून गेले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, असा तिचा दंडक आहे. ‘मी नव्हे, तुम्ही’ हा तिच्या बोधवाक्याचा आशय. योजनेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने 1993-94 पासून उत्कृष्ट कार्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही दिले जाऊ लागले. लहान मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे. 5 ते 18 वर्षे वयाच्या मुलांना शौर्य, क्रीडा, विज्ञान, पर्यावरण यांबरोबरच समाजसेवा आणि कला-संस्कृती या क्षेत्रांतील कामाबद्दल तो राष्ट्रपतींच्या हस्ते देण्यात येतो. या योजनांतून घडलेली, शिबिरात पहिल्यांदा फावडे हाती धरून खेडे पाहिलेली कितीतरी माणसे आमच्या ओळखीची आहेत. त्यांची थोरवी आम्ही कमी लेखत नाही.

परंतु जेथे मोजमाप आले तेथे मापात पाप शिरावयास वेळ लागत नाही. सेवेचे तास वहीत मांडले गेले की काही ठिकाणी वहीच भरते आणि काम तसेच राहते. एका रोपट्याभोवती वीस जण उभे राहून छायाचित्र काढतात. त्या रोपट्याला वैशाखात पाणी कोण घालतो, याची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर नसते. पुढील प्रवेशासाठी, अर्जासोबत जोडण्यासाठी प्रमाणपत्र हवे, म्हणून पालकच मुलाची ‘सेवा’ योजून देतात; त्याचा निबंध घरातील मोठ्यांच्या हातून सुधारून येतो, आणि आता तर यंत्राकडूनही लिहून येऊ लागला आहे. यात मुलांचा दोष आम्ही सर्वांत कमी मानतो. आम्ही वडीलधारी ज्याला मान देतो तेच मुले करतात. कागदाला मान दिला तर ती कागद आणतील. कामाला मान दिला तर काम करून दाखवतील.

आणि काम कोठे आहे, हे सीमाभागातील वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. आमच्या भागातील मुले दोन-तीन भाषांत वाढतात. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, पुस्तकांत इंग्रजी. बँकेत वा कचेरीत गेलेल्या शेजारच्या आजीला छापील अर्जातील अक्षर लागत नाही, तेव्हा शाळेतून परतलेली एखादी मुलगी दप्तर न उतरवता तिच्याबरोबर जाते, रकाना वाचून दाखवते, अर्ज भरून देते, सही कोठे करावयाची ते बोट ठेवून दाखवते. तिला कोणी छायाचित्र काढावयास येत नाही. तिचे तास कोणत्याही वहीत नाहीत. वार्षिक समारंभाच्या यादीत तिचे नाव निघणार नाही, कारण यादी करणाऱ्यांनी आजीला कधी विचारलेच नाही. आमच्या मते समाजसेवेचे पहिले पारितोषिक त्या मुलीचे आहे. आणि तिने उद्या त्या आजीची हकीकत आपल्या भाषेत लिहून काढली, तर नवनिर्मितीचेही तिचेच.

म्हणून आमच्या शाळा, वाचनालये, युवक मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांच्या चालकांपुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवीत आहोत.

पहिली सूचना अशी की, समाजसेवेच्या बक्षिसासाठी प्रमाणपत्रांची चळत मागण्याऐवजी ज्यांची सेवा झाली त्यांना विचारावे. आळीतील चार वृद्ध, दवाखान्यातील परिचारिका, शाळेचा शिपाई यांच्याकडून जे नाव येईल ते खरे असण्याचा संभव अधिक.

दुसरी सूचना, काचेच्या आणि पितळेच्या ढालींवरील खर्च थांबवावा. विद्यार्थ्याला त्याच्या आवडीचे पुस्तक द्यावे, चित्रकाराला रंग द्यावेत. आणि तितक्याच किमतीची पुस्तके त्याच्या नावाची नोंद करून गावच्या वाचनालयाला द्यावीत. ती निवडण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याचाच असावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे, म्हणजे भिडे वाड्यातील शाळेच्याच वयाचे. ज्या भागात ग्रंथालयाची परंपरा इतकी जुनी, तेथे मुक्तेचे मागणे पुरे करणे अवघड नाही. दरवर्षी दहा शाळांनी जरी हे केले, तरी मुलांनी निवडलेल्या पुस्तकांचे एक कपाट पाहता पाहता भरेल.

तिसरी सूचना, निबंधाला बक्षीस देऊन तो कपाटात बंद करू नये. तो समारंभात त्या मुलाच्या तोंडून वाचून घ्यावा, भित्तिपत्रकावर लावावा, शाळेच्या वार्षिक अंकात छापावा. मुक्तेचा निबंध ‘ज्ञानोदया’ने छापला नसता, तर आज आम्ही तिचे नावही घेतले नसते. अशा लेखनासाठी या पानावर जागा करून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो; शाळांनी ते आमच्याकडे जरूर धाडावे. अट एकच. शब्द मुलाचे असावेत, चुकांसकट.

चौथी सूचना सर्वांत सोपी, आणि कदाचित अमलात आणावयास सर्वांत अवघड. पाहुण्यांची भाषणे निम्म्यावर आणावीत आणि उरलेल्या वेळात पारितोषिक घेणाऱ्याला विचारावे की, बाळ, तुला काय हवे? तुझ्या आळीला, तुझ्या शाळेला काय हवे? उत्तर कदाचित अडचणीचे येईल. शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही, वाचनालयाला कुलूप असते, सायंकाळी अभ्यासाला उजेडाची जागा नाही, असे एखादे मूल भर सभेत सांगेल. सांगू द्यावे. त्या उत्तराचे पुढे काय झाले, याचा हिशेब पुढील वर्षीच्या समारंभाच्या आरंभी द्यावा. मग त्या मंडपात टाळ्या वाजतील त्या शिष्टाचाराच्या नसतील.

ज्यांना यंदा बक्षिसे मिळणार आहेत त्या विद्यार्थ्यांशीही दोन शब्द बोलावेसे वाटतात. मुलांनो, मिळालेल्या मानाचा संकोच बाळगू नका. तो तुम्ही कमावला आहे. घरी जाऊन आईच्या हाती ढाल द्या, आजीच्या पाया पडा, पेढा खा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्यासाठी तुम्ही काम केले त्यांच्याकडे एकदा जाऊन या. रोपट्याला पाणी आहे का पाहा. आजीचा अर्ज मंजूर झाला का, ते विचारा. आणि ज्यांना या वर्षी काहीच मिळाले नाही, तरीही जी मुले कोणाचे तरी ओझे उचलीत राहिली, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मुक्ता साळवेच्या हाती कोणतीही ढाल नव्हती.

पारितोषिक कोणाचे, हा आमचा आरंभीचा प्रश्न. ते ज्याच्या हाती पडते त्याचे ते एक दिवस असते. पुढे ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांचे होते. यंदाच्या समारंभांत किती ढाली वाटल्या गेल्या, हे आम्ही मोजणार नाही. पुढील वर्षी गावच्या वाचनालयाच्या नोंदवहीत, भेट देणाराचे नाव म्हणून, किती विद्यार्थ्यांची नावे सापडतात, ते मात्र आम्ही अवश्य जाऊन पाहणार आहोत.